कोगनोळी नाक्यावरचा परदेश

परदेशप्रवासाचे नियम कुणाला कळत असतील तर ते फक्त मला, असा शहापुरातल्या आमच्या गल्लीचा समज होता. तो मीच करून दिला होता. मी स्वतः तोवर देशाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. माझ्याकडे पासपोर्टही नव्हता. पण माझी थोरली बहीण सुमन, म्हणजे आमची आक्का, लंडनला एका हॉस्पिटलात नर्स आहे. तिच्या प्रत्येक येण्याजाण्याच्या वेळी फोनवरून सल्ले देऊन देऊन मी तयार झालो होतो. त्यात नोकरी कॉलेजच्या ऑफिसात. त्यामुळे एखादं सरकारी परिपत्रक हातात आलं की बाकीच्यांना सिनेमा बघताना होतो तेवढा आनंद मला होतो.

कोरोना आला आणि माझ्या या विद्येला एकदम भाव आला.

आक्काने तिकडचं नागरिकत्व घेतलेलं. पासपोर्ट तिकडचा. भारतात यायला तिच्याजवळ एक कार्ड होतं, म्हणजे जवळजवळ आजीवन व्हिसाच. (मी गल्लीत सांगताना ‘आजीवन’ हा शब्द जरा लांबवून सांगत असे.) आणि एका संध्याकाळी बातमी आली, की हे सगळे आजीवन व्हिसा तूर्त बंद!

“म्हंजे?” आप्पांनी विचारलं.

“म्हणजे आप्पा, परदेशी पासपोर्टवाल्यांना सध्या येता येणार नाही.”

“परदेशी कोण? सुमी?”

“कागदोपत्री.”

“कागद घाल चुलीत. ह्या खोलीत जलमलीया ती!”

आप्पांनी सगळा जन्म मागावर काढला. आधी हातमाग, मग पॉवरलूम. लॉकडाऊनमध्ये गल्लीतले सगळे माग बंद पडले, तेव्हा आप्पांची झोप उडाली. बाकीच्या जगाला आवाजाने झोप लागत नाही. आप्पांना शांततेने लागेना. त्यातच त्यांच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, की हृदय फार थकलंय, या वयात ऑपरेशन झेपणार नाही, गोळ्यांवर चालेल तितकं चालवू. मग थोडं थांबून म्हणाले, “लांबचं कोण असलं तर बोलवून घ्या.”

लांबचं म्हणजे आक्काच होती. आई जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात आप्पा, मी आणि माझी बायको शोभा.

पुढचे कितीतरी महिने आमच्या घरात देवाच्या नावाखालोखाल व्हिसाचं नाव घेतलं जात होतं. आधी कुणालाच परवानगी नव्हती. मग घरात कुणी फार आजारी असेल तर परवानगी. ती मिळेपर्यंत आक्काच्या हॉस्पिटलात अशी गर्दी, की तिला रजा नाही. रजा मिळाली तर लंडनची विमानंच बंद. तिथे म्हणे नव्या जातीचा कोरोना आलेला. विमानं सुरू झाली तर निघण्याआधी तपासणी, मुंबईत उतरल्यावर तपासणी, मग हॉटेलात आठवडाभर कोंडून घेणं, परत तपासणी, आणि वर घरी अलगीकरण! मी रोज नवा नियम आप्पांना समजावून सांगायचो.

“परकास,” एके दिवशी ते म्हणाले, “तू नियम सांगू नगंस बाबा. ती कवा येती तेवढं सांग.”

शेवटी ती येणार असं ठरलं. निघण्याआधी सरकारच्या वेबसाइटवर आपली माहिती भरायची होती. आक्काला ड्युटीतून मान वर करायला सवड नव्हती.

“मी भरतो,” मी म्हणालो. “तू काळजीच करू नकोस.”

“नीट भर रं पक्या.”

“मला सांगतीस?”

मी भरली. राज्य कर्नाटक टाकलं, गाव शहापूर टाकलं, आणि काय आश्चर्य, जिल्हा आणि तालुका आपोआप भरले गेले! सरकार किती सुधारलंय, असं मी शोभाला म्हटल्याचं मला स्पष्ट आठवतं. शोभा भाकरी थापत होती. “तरी एकदा वाचून बघा की,” ती म्हणाली. मी बायकोच्या अज्ञानाला हसलो आणि बटण दाबलं.

आता कर्नाटकात दोन शहापूर आहेत. एक आमचं, बेळगावातलं. दुसरं तिकडे लांब यादगीर जिल्ह्यात. हे मला ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. त्या क्षणी ते सुचलं नाही, इतकंच.

आक्का मुंबईला उतरली आणि हॉटेलात कोंडली गेली. तेवढ्यात मला आरोग्य खात्यातल्या एका बाईंचा कन्नडमध्ये फोन आला. “सुमन मॅडम घरी पोचल्या का?” मी म्हणालो, “बरताळ री,” म्हणजे येतेय ती. “घर कुठे आलं तुमचं?” त्यांनी विचारलं. “शहापूर,” मी म्हणालो. “शहापुरात कुठे?” मी गल्ली सांगितली. बाईंनी ती दोनदा विचारून घेतली. मग म्हणाल्या, की अशी गल्ली आमच्या शहापुरात नाही. मी म्हणालो, “बाई, तुम्ही नवीन दिसताय इथे!” आणि फोन ठेवला. (त्या बिचाऱ्या यादगीरकडच्या शहापुरात दारोदार आमचं घर शोधत होत्या, हे मला नंतर कळलं.)

त्या दिवसांत महाराष्ट्रातून कर्नाटकात यायचं तर कोरोना नसल्याचा ताजा रिपोर्ट लागायचा. निपाणीच्या पुढे, राज्याच्या हद्दीवर कोगनोळीला, हायवेवर तंबू ठोकून तपासणी चालायची. आक्काजवळ रिपोर्टांची अख्खी फाइल होती. पण मुंबईहून तिला आणणाऱ्या टॅक्सीवाल्याजवळ नव्हता. “नाक्यापर्यंत सोडतो मॅडम. नाकात काडी घालून घ्यायला मी येणार नाही,” असं त्याने आधीच सांगितलेलं. तेव्हा मी बेळगावहून गाडी घेऊन नाक्याच्या अलीकडे थांबायचं, आक्काने पलीकडून चालत यायचं, आणि आम्ही घरी. इतकं सोपं.

सकाळी गाडी काढायला गेलो तर मागच्या सीटवर आप्पा! धोतर, कोट, टोपी, तोंडाला मास्क, हातात काठी.

“आप्पा, उतरा. डॉक्टरांनी सांगितलंय...”

“डाक्टर हाय का हितं?”

“तिला अजून घरीसुद्धा वेगळं बसायचंय. तुम्हाला जवळ जाता येणार न्हाय.”

“मी कुठं जवळ जातोय? लांबनं बघतो की.”

शोभाने समजावलं, शेजाऱ्यांनी समजावलं. आप्पांनी काच वर केली. शेवटी शोभाने गोळ्यांची डबी आणि पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. “हळू चालवा,” एवढंच म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

नाक्यावर पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. एका कडुलिंबाखाली गाडी लावली. पुढे बॅरिकेड, त्याच्यापलीकडे तंबू, टेबलं, आणि त्यामागे गाड्यांची आणि माणसांची ही लांबलचक रांग. मी मान उंच करून बघत होतो. बऱ्याच वेळाने टॅक्सीतून एक बाई उतरली. डोक्याला टोपी, तोंडाला दोन मास्क, त्यावर प्लास्टिकची काच, हातात मोजे. चंद्रावर निघाल्यासारखी! पण बॅग ओढायची तऱ्हा आक्काचीच.

“आप्पा, आली!”

आप्पांनी काठी घट्ट धरली. “कुठली ती?”

“ती बघा, पांढरी टोपी.”

आक्का टेबलापाशी गेली. फाइल दिली. टेबलावरचा पोलीस पानं उलटत होता. मग थांबला. त्याने रस्त्याकडे हात केला, परत कागद बघितला, मान हलवली. माझा फोन वाजला.

“पक्या,” आक्का अगदी शांत आवाजात म्हणाली, “यादगीरला आपलं कोण ऱ्हातंय रं?”

जिल्हा आणि तालुका आपोआप कसे भरले गेले, ते मला आत्ता कळलं.

“ह्ये साहेब म्हणत्यात, यादगीरला जायाला ह्यो रस्ता न्हवं. परत फिरा आणि सोलापूरवरनं जावा म्हणत्यात.”

“आलोच!” मी म्हणालो.

“कुठं निघालास?” आप्पांनी गाडीतून विचारलं.

“आलोच!” मी त्यांनाही म्हणालो, त्यांचं आधार कार्ड घेतलं आणि धावत सुटलो. बॅरिकेडच्या फटीतून पलीकडे गेलो. कुणी अडवलं नाही. महाराष्ट्रात जायला त्या दिवशी कुणालाच काही लागत नव्हतं.

टेबलापाशी पोचून मी मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये दोन्ही शहापुरांचा भूगोल समजावला. आधार कार्डावरचा पत्ता दाखवला. बहीण नर्स आहे, वडील हृदयाचे आजारी आहेत, ते काय त्या झाडाखाली गाडीत बसलेत, सगळं सांगितलं. टेबलावरच्या आरोग्य खात्याच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, पेनाने यादगीर खोडलं, बेळगाव लिहिलं आणि आक्काला म्हणाल्या, “जावा मॅडम. वडिलांना सांभाळा.”

मी सुटकेचा निःश्वास टाकला. दोन्ही हातांत दोन बॅगा उचलल्या आणि आक्काच्या मागोमाग रुबाबात निघालो. तेवढ्यात माझ्या छातीपुढे एक हात आडवा आला.

“रिपोर्ट?” पोलीस म्हणाला.

“दाखवला की हिचा.”

“निम्द री.” तुमचा.

“माझा? अहो, मी इथलाच! आत्ता इकडून तिकडे गेलो!”

“होगिद्दु नोडिल्ल री,” तो म्हणाला. जाताना बघितलं नाही. येताना मात्र बघतोय.

मी हसलो. तो हसला नाही. आणि मग माझं मलाच आठवलं. ‘महाराष्ट्रातून येणारी प्रत्येक व्यक्ती’ असं रिपोर्टाच्या परिपत्रकात स्पष्ट लिहिलेलं होतं. मीच ते गल्लीत मोठ्याने वाचून दाखवलं होतं! ती व्यक्ती महाराष्ट्रात किती वेळ होती, याबद्दल त्यात अक्षरही नव्हतं. मी तिथे एक चहा संपेल एवढा वेळ होतो.

“साहेब, नम्म अप्पा अल्लि अदार री,” मी हात जोडले. आमचे वडील तिथे आहेत हो. “हार्ट पेशंट आहेत.”

पोलीस माणूस वयस्कर होता. त्याने झाडाखालच्या गाडीकडे पाहिलं. मला वाटलं, विरघळला. तेवढ्यात मागच्या रांगेतून एकजण ओरडला, “आमी सकाळपास्नं उन्हात हुबं हाय. चुलत्याच्या मातीला जायाचंय संकेश्वरला, आमाला सोडंनात. आणि ह्येला सोडताय व्हय?” त्याच्या मागच्या चारपाच जणांनी री ओढली. मी त्या माणसाकडे पाहिलं. त्याचे डोळे लाल झाले होते. मी जोडलेले हात खाली घेतले.

“काय करायचं आता?” आक्का पलीकडून म्हणाली. ती कर्नाटकात उभी होती.

“गाडीची किल्ली माझ्या खिशात आहे,” मी महाराष्ट्रातून म्हणालो.

“दे हिकडं. मी चालवतो.” आमच्याकडच्या बायका ‘चालवतो’ म्हणतात, लंडनला इतकी वर्षं राहूनही तिचं ते गेलं नव्हतं. मी बॅरिकेडवरून किल्ली दिली. (तिच्याजवळ लायसन कुठल्या देशाचं होतं, ते मी विचारलं नाही. नियम सांगायची माझी ताकद त्या दिवसापुरती संपली होती.)

ती झाडाकडे निघाली. मी बॅगा घेऊन तसाच उभा.

आप्पा गाडीतून उतरले होते. काठी टेकत दोन पावलं पुढे आले. आक्काने लांबूनच हात वर केला. थांबा. आप्पा थांबले. ते तिच्याकडे बघत होते, पण त्या टोपी-मास्क-काचेच्या आत त्यांना त्यांची लेक दिसत नसावी. काय बोलत होते ते मला ऐकू येत नव्हतं. आक्का चार पावलं मागे सरकली. तिने डोक्यावरची टोपी काढली. काच काढली. मग एक मास्क, मग दुसरा. श्वास रोखून धरल्यासारखी उन्हात नुसती उभी राहिली, आप्पांना चेहरा दिसावा म्हणून.

वर्षभर तिने तिकडे काय काय बघितलं होतं, ते ती आम्हाला फोनवर कधी सांगत नसे. तिचे केस निम्मे पांढरे झाले होते. गालांवर मास्कचे वळ होते. आप्पांनी एकदा डोळ्यांवरून हात फिरवला आणि मान डोलावली. ओळख पटली! मग आक्काने परत सगळं तोंडावर चढवलं.

माझ्याशेजारी तो पोलीसही तिकडेच बघत होता. “अक्का री?” त्याने विचारलं. “हौद री,” म्हणजे हो, मी म्हणालो. त्याने माझ्या हातातल्या बॅगा घेतल्या आणि स्वतः उचलून गाडीपर्यंत नेऊन ठेवल्या. येऊन परत माझ्यासमोर उभा राहिला. मी आशेने पाहिलं.

“रूल अंद्र रूल री,” तो खाली बघत म्हणाला.

आप्पा मागे, आक्का पुढे, चारी काचा उघड्या, अशी आमची गाडी निपाणीच्या दिशेने दिसेनाशी झाली. थोड्या वेळाने आप्पांचा फोन आला.

“परकास, कुठं हाईस?”

“महाराष्ट्रात, आप्पा.”

“ल्हानपणी बोंबलत हिंडायचास न्हवं, महाराष्ट्रात जायाचं, महाराष्ट्रात जायाचं म्हणून?”

“व्हय.”

“मग गेलास की! आता ऱ्हा सुखानं.”

खरं होतं ते. शाळेत असताना तसल्या घोषणा देऊन माझा घसा बसलेला. आणि त्या दिवशी मी भर हायवेवर, कन्नडमध्ये, कर्नाटकात घ्या म्हणून विनवत होतो.

मी कागलला शोभाच्या भावाकडे, सुरेशकडे गेलो. त्याने सगळं ऐकलं आणि आधी पोट धरून हसला. मग म्हणाला, “दाजी, उसातनं वाट हाय. सगळं कागल जातंय. संध्याकाळच्या आत घरी.”

“नियम म्हणजे नियम,” मी म्हणालो. सुरेशला पुन्हा हसू आवरेना. मला त्या संकेश्वरला निघालेल्या माणसाचे डोळे आठवत होते. उसातून जायला मन होईना.

सरकारी दवाखान्यात नाकात काडी घालून घेतली. रिपोर्ट आज येईल, उद्या येईल. मेहुण्याच्या लुंग्या नेसून मी वाट बघत बसलो. शोभा फोनवर खबर द्यायची. आक्का पुढच्या खोलीत दार लावून, आप्पा दाराबाहेर खुर्ची टाकून. दिवसभर दोघांचं दारातून बोलणं चाललेलं. “काय बोलतात गं?” मी विचारायचो. “काय की! मागाचं, मामांच्या लग्नाचं, कुणाकुणाचं. आप्पा आज दोन भाकऱ्या जेवले.”

अखेर माझा रिपोर्ट आला. कोरोना नव्हता. नाक्यावर तोच पोलीस होता; त्याने कागद बघायच्या आधीच बॅरिकेड बाजूला केला. मी बेळगावला पोचलो, घराच्या पायरीवर पाय ठेवला, तर दारात शोभा.

“थांबा. महाराष्ट्रातून आलाय तुम्ही.”

“मग?”

“वेगळं बसायचं. तुम्हीच गल्लीला वाचून दाखवलंय.”

आक्काचं अलगीकरण त्याच दिवशी संपलं होतं. तिची खोली मला मिळाली! लंडनहून आलेली माझी बहीण आप्पांच्या मांडीशी बसून त्यांच्या पायाला तेल चोळत होती, आणि कागलहून आलेला मी फटीतून सरकवलेलं ताट आत ओढून घेत होतो.

ती परत गेली आणि लगेचच दुसरी लाट आली. विमानं पुन्हा बंद झाली. त्याच दिवसांत एका सकाळी आप्पा चहा पिता पिता गेले. कोरोनाने नव्हे, ते थकलेलं हृदय थांबलं, इतकंच. आक्काने सगळं फोनच्या पडद्यावर बघितलं. मी फोन धरून उभा होतो. “नीट धर रं पक्या,” एवढंच ती म्हणाली.

नंतर एकदा मी तिला विचारलं, त्या दिवशी गाडीत निपाणी ते बेळगाव काय बोललात? ती म्हणाली, “निम्म्या वाटंपर्यंत आमी दोघंबी कायच बोललो न्हाय. मग आप्पा म्हणले, बरं झालं त्यो तिकडं अडकला. न्हायतर घरापतोर नियमच ऐकाय लागलं असतं.” आणि ती हसता हसता रडायला लागली.

आप्पांच्या दिवसकार्याला फार माणसं येऊ शकली नाहीत. वडगावहून एक म्हातारे विणकर मात्र आले होते, आप्पांचे जुने सोबती. मास्कच्या वरून माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले.

“तू कोण रं?”

“मी प्रकाश. धाकटा.”

“धाकटा?” त्यांनी डोळे बारीक केले. “तुझा आप्पा फोनवर सांगत हुता, लेक लंडनास्नं सरळ घरी आली म्हणून. आणि पोरगं तिला आणाया निपाणीला गेलतं, ते तिकडंच परदेशात ऱ्हायलं म्हणाला.” माझ्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. “मग कवा आलास रं बाळा परत?”